मुलगी सांगलीच्या ज्युनिअर केजीतून थेट मस्कतच्या 'एफ एस टू'मध्ये: तिथे नेमके काय शिकवतात?

विश्रामबागची आई (प्रश्न)

नमस्कार. आम्ही सांगलीत विश्रामबागला राहतो. माझे यजमान दीड वर्षापासून मस्कतमध्ये नोकरीला आहेत आणि येत्या ऑगस्टअखेर मी आणि माझी मुलगी तिकडे जाणार आहोत. मुलीचा जन्म नोव्हेंबर 2021 चा आहे. इथल्या शाळेत तिचे ज्युनिअर केजी संपत आले असून जूनमध्ये ती सिनिअर केजीत गेली असती. तिला कॅपिटल आणि स्मॉल एबीसीडी चार रेघी वहीत लिहिता येते, शंभरपर्यंत आकडे म्हणता येतात आणि मुळाक्षरे 'ज्ञ'पर्यंत तोंडपाठ आहेत. तिकडच्या ब्रिटिश पद्धतीच्या शाळेने तिला 'एफ एस टू' नावाच्या वर्गात प्रवेश दिला आहे. त्यांच्या माहितीपत्रकात पुस्तकांची यादी नाही, गृहपाठाचा उल्लेख नाही, परीक्षा नाही. जागोजागी वाळू, पाणी, चिखल, ठोकळे आणि 'खेळ' हाच शब्द आहे. आणायच्या वस्तूंच्या यादीत वह्या नाहीत, पण गमबूट आहेत.

माझे सासरे जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले शिक्षक आहेत. त्यांनी ते पत्रक चष्मा लावून शेवटपर्यंत वाचले आणि एवढेच विचारले, "चिखलात खेळायला एवढी फी?" खरे सांगायचे तर माझ्याही मनात तेच आहे. हा वर्ग तिच्या आत्ताच्या वर्गापेक्षा खालचा तर नाही ना, तिथे प्रत्यक्षात शिकवतात तरी काय, आणि दोन-तीन वर्षांनी आम्ही परत आलो तर ती इथल्या मुलांच्या मागे पडेल का, हे मला समजून घ्यायचे आहे. शिवाय तिला इंग्रजी जेमतेम समजते. आत्तापासून घरात तिच्याशी इंग्रजीतच बोलावे, असा यजमानांचा आग्रह आहे, पण आजी-आजोबांसमोर ते मला जड जाते. ज्यांची मुले अशा शाळेत होती किंवा ज्यांनी तिथे शिकवले आहे, त्यांनी कृपया लिहावे.

एफ एस टूची माजी शिक्षिका, सातारा

ताई, मी सात वर्षे आखातातल्या एका ब्रिटिश पद्धतीच्या शाळेत याच वर्गाला शिकवत होते आणि आता साताऱ्यात परत आले आहे. इयत्तेचा प्रश्न आधी संपवते, कारण तो निव्वळ तारखांचा हिशेब आहे. इंग्लंडमध्ये शाळेचे वर्ष 1 सप्टेंबर ते 31 ऑगस्ट असे धरतात आणि चार वर्षे पूर्ण झाल्यानंतर येणाऱ्या सप्टेंबरात मूल 'रिसेप्शन'मध्ये जाते. आखातातल्या बऱ्याच शाळा त्यालाच फाउंडेशन स्टेज टू, म्हणजे एफ एस टू म्हणतात. तुमच्या मुलीला नोव्हेंबर 2025 मध्ये चार पूर्ण झाली, तेव्हा यंदाच्या सप्टेंबरात तिचा हाच वर्ग येतो. आपल्या राज्यात वय 31 डिसेंबरला मोजतात, त्यामुळे इथे हे वर्ष तिचे सिनिअर केजीचे. दोन्हीकडे पुढच्या वर्षी पहिली किंवा 'इयर वन' आहे, म्हणजे ती पायरी खाली उतरलेली नाही. उलट तिच्या वर्गात ऑगस्ट 2022 पर्यंत जन्मलेली मुले असतील आणि ती त्यांच्यात थोरली ठरेल. या वयात नऊ-दहा महिन्यांचे अंतर मोठे असते आणि इथे ते तुमच्या बाजूने पडले आहे.

आता अभ्यासक्रम. त्याचे नाव 'अर्ली इयर्स फाउंडेशन स्टेज'. 2006 च्या बालसंगोपन कायद्याखाली तो सप्टेंबर 2008 पासून इंग्लंडमध्ये लागू झाला आणि 2021 मध्ये त्यात मोठे बदल झाले. आपण त्याला ब्रिटिश म्हणतो खरे, पण तो इंग्लंडचा आहे. स्कॉटलंड आणि वेल्स यांचे अभ्यासक्रम स्वतंत्र आहेत. जन्मापासून पाच वर्षांपर्यंतच्या मुलांसाठी त्यात शिक्षणाची सात क्षेत्रे मांडली आहेत. त्यांतली तीन मूळ मानली जातात: संवाद व भाषा, शारीरिक विकास, आणि स्वतःला व इतरांना सांभाळून घेण्याची भावनिक-सामाजिक वाढ. लेखन-वाचन, गणित, भोवतालच्या जगाची ओळख आणि कला ही उरलेली चार क्षेत्रे या तिघांवर उभी राहतात. आपल्याकडे नेमके उलटे होते. अक्षरे आणि आकडे आधी येतात, आणि मूल घडाघडा बोलत नसले तर 'लाजाळू आहे' म्हणून आपण ते सोडून देतो.

तुमच्या सासऱ्यांना एक गोष्ट खटकेल, ती मी आधीच सांगून टाकते. या वर्गाच्या शेवटी गणितात अपेक्षा दहापर्यंतच्या संख्यांची असते. मोजता वीसच्या पुढे यावे असे म्हटले आहे, पण मुख्य भर दहावर. मात्र ते दहा पूर्णपणे कळले पाहिजेत. पाचपर्यंतच्या वस्तू न मोजता नजरेने ओळखता याव्यात, पाच म्हणजे तीन आणि दोन, चार आणि एक, पाच आणि शून्य, हे विचारल्याबरोबर सांगता यावे आणि सम-विषम व दुप्पट यांची जाण यावी. शंभरपर्यंत म्हणणारी कितीतरी मुले माझ्या वर्गात आली. त्यांच्यासमोर सात बटणे ठेवून "यांतली चार मला दे" म्हटले की त्यांतली काही सातही बटणे माझ्या हातात ओतत असत. आकडे त्यांना कवितेसारखे पाठ होते, इतकेच.

हे शिकवायला साधने आपल्या घरातच आहेत. सासूबाईंना म्हणावे, नातीला सागरगोटे शिकवा. पाच सागरगोटे घेतले, एक वर उडवला, दोन उचलले, तर जमिनीवर किती राहिले? सापशिडीचा फासा पडताच ठिपके न मोजता "पाच!" म्हणून सोंगटी सरकवणे, हेही त्या अभ्यासक्रमातले एक स्वतंत्र कौशल्य आहे आणि आपल्या आज्यांनी ते नाव न देता शिकवलेले आहे.

वाचनाच्या बाबतीत मात्र तिथे खेळावर सोडून देत नाहीत. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या क्रमाने ध्वनी शिकवतात. इंग्रजीत अक्षरे 26 पण ध्वनी साधारण 44, म्हणून अक्षराचे नाव बाजूला ठेवून आधी त्याचा आवाज सांगतात. बहुतेक शाळांत सुरुवात एस, ए, टी, पी, आय, एन या सहा अक्षरांपासून होते, कारण एवढ्यांतून सॅट, पिन, टॅप, निप असे पुष्कळ शब्द जुळतात. इथे मराठी आई-बाबांची एक चूक हमखास होते. आपण एस म्हणजे 'स' असे शिकवतो आणि त्या 'स'मध्ये 'अ' दडलेला असतो. मग मूल 'स-ॲ-ट' असे जोडायला जाते आणि शब्द काही केल्या जुळत नाही. हवा असतो पाय मोडलेला 'स्'. 'स्', 'ॲ', 'ट्' असे म्हणून पाहा, शब्द आपोआप तोंडात येतो. इंग्लंडच्या प्रशिक्षणवर्गात 'शुद्ध ध्वनी' म्हणजे काय ते समजावायला आमचा निम्मा दिवस खर्च केला होता. मला मागच्या बाकावर बसून वाटत होते, की आमच्याकडे यासाठी एका हलन्ताने काम भागते.

'खेळ' या शब्दाबद्दलही थोडे लिहिते. खेळ म्हणजे मोकळे सोडून देणे असा आपला समज होतो. एक प्रसंग सांगते. एक मुलगी शाळेत आल्यापासून आठ आठवडे माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. घरी तिची भाषा मराठीच होती, पण मी मराठी आहे हे तिला सांगूनही तिने मला दाद दिली नाही. एके दिवशी अंगणातल्या चिखलाच्या स्वयंपाकघरात तिने एक चपटा दगड घेतला, त्यावर एक काडी ठेवली आणि दुसऱ्या गोल दगडाने ती ठेचायला लागली. मी शेजारी बसले आणि काही न विचारता तिच्यासमोर पातेले सरकवले. तिने ठेचलेली काडी त्यात टाकली, वरून पाणी ओतले, आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "आलं." मी म्हटले, "मग साखर राहिली." तिने मूठभर वाळू घातली आणि कप माझ्यापुढे केला. त्या दिवशीच्या माझ्या नोंदीत पाच-सहा ओळी होत्या: दोन्ही हातांनी वेगवेगळे काम करता येते, कृतीचा क्रम लक्षात आहे, घरचा अनुभव खेळात आणते, दुसऱ्याला सामील करून घेते, आणि आज बोलली. पुढच्या आठवड्यात मी तिथे खलबत्ता, चहाची गाळणी आणि मापाचे तीन पेले ठेवले. शिक्षिकेने काय पाहिले आणि त्यावरून दुसऱ्या दिवशी काय मांडले, यात तिथला अभ्यासक्रम असतो. हे पाहणारे माणूस नसेल, तर मात्र तुमच्या सासऱ्यांचा प्रश्न बरोबर आहे.

म्हणूनच शाळेला एक-दोन गोष्टी जरूर विचारा. हा आराखडा इंग्लंडबाहेरच्या शाळांवर कायद्याने बंधनकारक नाही. शाळा तो आपणहून घेतात, त्यामुळे नाव तेच आणि दर्जा निराळा, असे होऊ शकते. 'ब्रिटिश स्कूल्स ओव्हरसीज' या योजनेखाली शाळेची तपासणी झाली आहे का आणि तिचा अहवाल वाचायला मिळेल का, हे विचारा. एका वर्गात मुले किती आणि मोठी माणसे किती, तेही विचारा. इंग्लंडच्या सरकारी शाळांत या वयाच्या वर्गात एका शिक्षकामागे 30 मुलांची मर्यादा आहे, पण प्रत्यक्षात बहुधा जोडीला मदतनीस असते.

राहिला घरच्या भाषेचा मुद्दा. तुमच्या यजमानांना सांगा, की ज्या मुलांची घरची भाषा इंग्रजी नाही, त्यांना खेळताना आणि शिकताना ती भाषा वापरायची संधी मिळावी यासाठी पावले उचलायला हा आराखडाच सांगतो. इतकेच काय, मूल इंग्रजीत मागे वाटले तर त्याला घरच्या भाषेत कितपत येते हे पालकांबरोबर तपासायला सांगतात, कारण खरी अडचण भाषेच्या विकासात आहे की केवळ इंग्रजी नवीन आहे, हे त्याशिवाय कळत नाही. चांगले मराठी बोलणारे मूल वर्षभरात इंग्रजी उचलते. घरात तोडकेमोडके इंग्रजी ऐकलेल्या मुलाची मात्र दोन्हीकडून पंचाईत होते.

शाहूपुरीचा बाबा, सातारा

बाईंनी फार सविस्तर लिहिले आहे. मी फक्त परतीच्या प्रवासाबद्दल लिहितो, कारण त्याची झळ आम्हाला बसली.

आमचा मुलगा मे 2017 चा. आखातात तो रिसेप्शनपासून इयर टूपर्यंत शिकला आणि जून 2024 मध्ये आम्ही साताऱ्याला परतलो. इयर टू म्हणजे दुसरी आणि ती झाली, तेव्हा आता तिसरी, असे आम्ही सगळ्यांना सांगून ठेवले होते. इथल्या शाळेने त्याला दुसरीत बसवले. मी कार्यालयात जाऊन बराच वाद घातला, आणि नंतर घरी कागदावर तारखा मांडल्यावर शाळाच बरोबर आहे हे माझ्या लक्षात आले. जानेवारी ते ऑगस्टमध्ये जन्मलेले मूल तिथे इथल्यापेक्षा आकड्याने एक वर्ष पुढे दिसते. सप्टेंबर ते डिसेंबरमधल्या मुलाचा आकडा दोन्हीकडे जुळतो. तुमची मुलगी नोव्हेंबरची असल्यामुळे तुम्हाला हा घोळ होणार नाही, पण हे वाचणाऱ्या इतर कोणाला तरी होईल, म्हणून लिहून ठेवतो. शिवाय तिकडचे वर्ष जूनच्या अखेरीस संपते आणि आपली शाळा जूनच्या मध्यावर भरते. ते पहिले दोन आठवडे आमचे बुडाले.

वर्गात बसल्यावर दोन ठिकाणी तो अडला. पहिले म्हणजे फळ्यावरून उतरवून घेणे. त्याला स्वतःच्या मनाने पाच ओळी लिहिता येत, पण दुसऱ्याने लिहिलेले बघून वेगाने वहीत उतरवायची सवय अजिबात नव्हती. दिवाळीपर्यंत वहीत 'लेखन अपूर्ण' हा लाल शेरा इतक्या वेळा आला, की त्याने ते दोन शब्द न अडखळता वाचायला शिकून घेतले. मराठीतले ते त्याचे पहिले जोडाक्षर म्हणायला हरकत नाही. दुसरी अडचण मराठीचीच. तो बोलत छान होता, पण लिपी आम्ही तिकडे शिकवलीच नाही. 'कृष्णा' आणि 'सूर्य' या दोन शब्दांनी आमचा सगळा पावसाळा खाल्ला. आपल्या राज्यात 2020 च्या कायद्याने सर्व मंडळांच्या शाळांत मराठी सक्तीची आहे, तेव्हा परत येऊन एखाद्या आंतरराष्ट्रीय शाळेत घातले तरी हा विषय सुटत नाही. तुम्ही तिकडे आठवड्यातून दोन दिवस अर्धा तास मराठी वाचन चालू ठेवा. आम्ही ते केले नाही आणि नंतर ट्यूशन लावावी लागली.

जमेची बाजूही सांगतो. इंग्रजीतला कधीही न पाहिलेला शब्द तो ध्वनी फोडून वाचतो. इयर वनच्या शेवटी तिकडे 40 शब्दांची एक चाचणी झाली होती. त्यातले अर्धे शब्द मुद्दाम निरर्थक होते, जेणेकरून मूल पाठांतरावर वाचते की ध्वनी जोडून, हे कळावे. त्या वेळी मला तो पोरखेळ वाटला होता. आता इथल्या पुस्तकातला लांबलचक शब्द तो अंदाज न करता वाचतो, तेव्हा त्या निरर्थक शब्दांचे काम समजते. आणि तो प्रश्न विचारतो. वर्गात हे नेहमीच आवडते असे नाही, हेही नमूद करतो.

निवृत्त बालवाडीताई, मिरज

मी एकतीस वर्षे मिरजेत बालवाडी चालवली. वरची पत्रे वाचून आनंद झाला आणि थोडे हसूही आले, कारण वाळू, पाणी आणि मुलाच्या मागून चालणारी शिक्षिका हे सगळे विलायतेहून यायची वाट आपण कशाला पाहायची? ताराबाई मोडकांनी गिजुभाई बधेकांच्या साथीने 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. 1945 मध्ये त्यांनी बोर्डीला खेड्यातल्या मुलांसाठी काम सुरू केले, आणि पुढे कोसबाडला अनुताई वाघांनी ते आयुष्यभर चालवले. माँटेसरीबाईंची महागडी साधने खेड्याला परवडत नाहीत म्हणून बिया, शिंपले, खडे आणि पाने हीच साधने झाली. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या अंगणात न्यायची, यातून अंगणवाडी हा शब्द आला. तेव्हा तुमच्या सासऱ्यांना सांगा, ही कल्पना परकी नाही. आपण ती सोडून दिली आणि चार रेघी वही धरली, हे दुर्दैव आपले आहे.

मात्र माजी शिक्षिका बाईंच्या एका मुद्द्याशी मी सहमत नाही. चार वर्षांच्या मुलाला रोज ठरवून ध्वनी शिकवणे आणि वर्षाच्या शेवटी त्याने साधी वाक्ये लिहावीत अशी अपेक्षा ठेवणे, ही मला घाई वाटते. फिनलंडमध्ये मूल शाळेत सातव्या वर्षी जाते. आपल्या 2020 च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणानेही तीन ते आठ वर्षे हा एकच पायाभूत टप्पा धरला आहे, म्हणजे बालवाडी आणि दुसरी यांच्यामध्ये भिंत नाही. इंग्लंडच्या आराखड्यात पाचव्या वर्षी शेवटची नोंद होते आणि लगेच इयर वनचा औपचारिक अभ्यास सुरू होतो. खेळता खेळता मुलाच्या हातात पेन्सिल येते, पण ती कोणत्या महिन्यात यावी हे आधीच ठरलेले असते. खेळावर एवढा विश्वास असेल तर तारखेची एवढी काळजी का, असा माझा साधा प्रश्न आहे.

आकड्यांबद्दल एक जाता जाता. 2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' असे वाचन आले, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला त्यातला हेतू पटला होता, कारण आपण 'एकवीस' म्हणताना एक आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. लहान मूल तिथे बरोबर अडखळते आणि 21 च्या जागी 12 लिहून ठेवते. इंग्रजीत विशीच्या पुढे हा पेच नाही. तुमची मुलगी दोन्ही भाषांत मोजणार असेल तर हा गोंधळ काही दिवस होईल. तो तिच्या बुद्धीचा दोष समजू नका. उलट 'एकोणतीस' म्हणजे तिसाला एक कमी, हे तिला सांगून पाहा. आपल्या भाषेने संख्येतच वजाबाकी लपवून ठेवली आहे, याची मुलांना फार गंमत वाटते.

आणि एक सावधगिरीचे बोलणे. 'ब्रिटिश पद्धत' अशी पाटी आता आपल्या भागातही दिसते. माझ्या शेजारची चार वर्षांची मुलगी अशाच एका शाळेत जाते. तिच्या दप्तरात मी चार वह्या आणि दोन कार्यपुस्तिका मोजल्या आहेत. वाळूचा हौद आहे, पण तो कपडे मळतात म्हणून झाकलेला असतो. पाटीपेक्षा हौदाचे झाकण बघावे.

एफ एस टूची माजी शिक्षिका, सातारा

बाई, तुमचा आक्षेप मला मान्य करावा लागेल, आणि तो इंग्लंडमधल्या शिक्षिकाही घेतात. वर्षाच्या शेवटी एकूण 17 उद्दिष्टांवर प्रत्येक मुलाबद्दल 'अपेक्षित' किंवा 'अजून होत आहे' असे ठरवावे लागते. इंग्लंडमध्ये अलीकडच्या वर्षांत समाधानकारक पातळी गाठणारी मुले साधारण दोन तृतीयांश आहेत. म्हणजे दर तीन मुलांतले एक 'अजून होत आहे' या शिक्क्यासह इयर वनला जाते, आणि त्यांत जून-जुलै-ऑगस्टमध्ये जन्मलेली मुले अधिक असतात. त्या मुलांचे काही चुकलेले नसते, ती नुसती लहान असतात. मी स्वतः जूनच्या शेवटच्या आठवड्यात हे रकाने भरताना कितीदा थांबले आहे. 2021 च्या बदलांनी शिक्षिकांवरचा नोंदींचा भार कमी केला हे चांगले झाले, पण लेखनाची अपेक्षा तिथेच राहिली.

एवढे मात्र म्हणेन, की रोजचा ध्वनींचा तास वीस मिनिटांचा असतो आणि उरलेला दिवस मुलाचा असतो. आपल्याकडे हे प्रमाण उलटे आहे. 'व' बद्दल एक सूचना राहिली होती. इंग्रजीतले व्ही आणि डब्ल्यू हे दोन ध्वनी आपले मूल एकाच 'व'ने भागवते. पहिल्याला वरचे दात खालच्या ओठाला टेकवायचे, दुसऱ्याला ओठांचा चंबू करायचा. आरशासमोर खेळ म्हणून करून घ्या, सुधारणा म्हणून नको.

विश्रामबागची आई

सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री ही सगळी पत्रे मी सासऱ्यांना वाचून दाखवली. ताराबाईंचे नाव आल्यावर ते सावरून बसले. नंतर काही न बोलता आत गेले, चिंचोक्यांचा डबा घेऊन आले आणि नातीसमोर आठ चिंचोके मांडून म्हणाले, "यातले पाच आजोबांना दे." तिने एक, दोन, तीन असे म्हणत आठही त्यांच्या ओंजळीत घातले आणि वर "अजून हवेत का?" असे विचारले. शंभरपर्यंत म्हणणारी मुलगी! ते मोठ्याने हसले, पण मला जरा वाईट वाटले, कारण ते शंभर आकडे मीच तिच्याकडून रोज संध्याकाळी म्हणून घेत होते. आज सकाळपासून दोघांचे चिंचोके चालू आहेत.

यजमानांशीही फोनवर बोलले. घरात मराठीच राहील असे ठरले. शाळेला तपासणीच्या अहवालाबद्दल आणि वर्गातल्या मुलांच्या संख्येबद्दल मेल पाठवला आहे, उत्तर आले की इथे लिहीन. आता शेवटचा, अगदी व्यवहाराचा प्रश्न. उरलेल्या या काही महिन्यांत तिची तयारी म्हणून मी नेमके काय करून घेऊ? आणि सामानात तिच्यासाठी काय ठेवू?

एफ एस टूची माजी शिक्षिका, सातारा

ताई, अक्षरे आता विसरा. तिला स्वतःच्या हाताने जेवू द्या. आजी भरवत असतील तर त्यांची समजूत घाला, कारण तिथे डब्याची वेळ ठरलेली असते आणि चपातीचा घास कोणी करून देत नाही. बूट स्वतः घालणे, बटणे लावणे, शौचाला जाऊन स्वतः स्वच्छ होणे, हात धुणे, हे सारे त्या आराखड्यात अभ्यास म्हणूनच लिहिलेले आहे आणि मुलाला वर्गात पहिल्या दिवसापासून याची गरज पडते. कात्रीने कागद कापू द्या. कणकेचा गोळा मळू द्या, मटार सोलू द्या. पेन्सिल धरणारी बोटे त्यातूनच तयार होतात. रोज रात्री एक गोष्ट सांगा आणि दुसऱ्या दिवशी तिला ती तुम्हाला सांगायला लावा. कृष्णाकाठी घाटावर न्या. तुमच्या ओळखीच्या कोणाच्या भिंतीवर 2019 च्या पुराची रेघ अजून असेल, तर ती तिला दाखवा आणि पाणी तिच्या डोक्याच्या किती वर आले होते, ते हाताने मोजू द्या. भोवतालच्या जगाची ओळख या क्षेत्रात याहून चांगला धडा मला तरी सुचत नाही.

सामानात मराठी चित्रपुस्तके ठेवा, शक्य तर शब्द कमी आणि चित्रे जास्त असलेली. सागरगोटे ठेवा. चार रेघी वह्या इथेच राहू द्यात.

आणि एक कागद करा. तिला पाणी हवे असेल, शू आली असेल, पोटात दुखत असेल, आई हवी असेल, काही नको असेल, तर ती तोंडाने नेमके कोणते शब्द काढते, ते इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे इंग्रजी अर्थ द्या आणि पहिल्या दिवशी वर्गशिक्षिकेच्या हातात ठेवा. असा कागद माझ्याकडे सात वर्षांत दोनच पालकांनी आणून दिला. बाकीच्या मुलांची पहिली शू कुठे झाली, हे मी इथे लिहीत नाही.